उत्तर दिसण्याआधी अंदाज: संगणकशास्त्राच्या तासाला परस्परसंवादी साधने कशी वापरावीत

प्रोजेक्टरच्या पडद्यावर लहानमोठे रंगीत खांब भराभर जागा बदलतात, अर्ध्या मिनिटात सगळे उंचीप्रमाणे ओळीने उभे राहतात आणि वर्गातून "पुन्हा दाखवा" अशी मागणी येते. शिक्षकाला वाटते, बबल सॉर्ट (शेजारचे दोन आकडे ताडून, लागल्यास जागा बदलत यादी क्रमाने लावण्याची पद्धत) मुलांना समजला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाच आकडे लिहून "पहिल्या फेरीनंतर यांचा क्रम काय असेल?" असे विचारले, की बरेच जण थेट पूर्ण लावलेली यादी सांगून मोकळे होतात. खांब त्यांनी पाहिलेले असतात. पुढच्या क्षणी कोणता खांब हलेल, हे मात्र त्यांना कोणी विचारलेले नसते.

ख्रिस्तोफर हंडहाउझेन, सारा डग्लस आणि जॉन स्टास्को यांनी २००२ साली अल्गोरिदमच्या (काम पायरीपायरीने करण्याच्या कृतीच्या) दृश्यीकरणावर झालेल्या २४ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नेमकी हीच गोष्ट पुढे आली: पडद्यावर काय दिसते यापेक्षा विद्यार्थी त्या साधनाशी काय करतो, याचा परिणाम शिकण्यावर अधिक होतो. म्हणून या लेखात साधनांची लांबलचक यादी देण्याऐवजी, हाताशी असलेले कोणतेही साधन तासात कोणत्या क्षणी सुरू करायचे, कोठे थांबवायचे आणि त्या थांब्यावर काय विचारायचे, याचीच माहिती प्रामुख्याने दिली आहे.

पहिली पायरी: आधी चूक शोधा

तासाची आखणी करताना "आज व्हेरिएबल शिकवायचे आहे" असे लिहिण्याऐवजी, व्हेरिएबलबाबत (म्हणजे किंमत साठवण्याच्या नाव दिलेल्या जागेबाबत) मुले कोणती चूक करतात ते लिहावे. उदाहरणादाखल पुढील चार ओळी घेऊ.

अ = ५
ब = ७
अ = ब
ब = अ

(पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीपासून व्हेरिएबलला देवनागरी नावे देता येतात, त्यामुळे ही नावे जशीच्या तशी चालतील, आकडे मात्र संगणकावर इंग्रजीच टंकावे लागतात, देवनागरी अंक लिहिल्यास चूक झाल्याचा संदेश येतो.) शेवटी दोन्ही व्हेरिएबलमध्ये काय असेल, असा प्रश्न विचारून चार पर्याय द्यावेत. "अ मध्ये ७ आणि ब मध्ये ५" असे म्हणणारा विद्यार्थी या ओळींमागचा हेतू वाचतो आहे. दोन किमतींची अदलाबदल करायची आहे हे संगणकाला कळले असेल, असे त्याला वाटते. "दोन्हींत ५" म्हणणारा बरोबरच्या चिन्हाची दिशा उलटी समजतो. "चूक दाखवेल, कारण ५ आणि ७ समान नाहीत" हे उत्तर गणिताच्या तासातून आलेले असते. "दोन्हींत ७" हे बरोबर उत्तर, कारण या चिन्हाच्या उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवली जाते. अशा प्रश्नातला प्रत्येक चुकीचा पर्याय एकेका गैरसमजाशी बांधलेला असल्यामुळे, हात वर होताच कोणाला काय समजावून सांगायचे आहे ते शिक्षकाला कळते.

यांतल्या पहिल्या गैरसमजाची नोंद रॉय पी यांनी १९८६ सालीच केली आहे. संगणकाच्या आत कोणी तरी समजूतदार मन आहे आणि लिहिणाऱ्याचा उद्देश ते ओळखून घेते, अशी नवशिक्यांची धारणा असते, असे त्यांनी दाखवून दिले. माझ्या मते प्रोग्रॅमिंगमधील निम्म्याहून अधिक चुकांचे मूळ याच धारणेत आहे आणि परस्परसंवादी साधनाचा खरा उपयोग ती मोडण्यासाठी आहे, कारण यंत्र आज्ञेपलीकडे काहीही करत नाही हे सांगून पटत नाही, ते डोळ्यांपुढे घडावे लागते.

दुसरी पायरी: चुकीला साजेसे साधन निवडा

साधने पुष्कळ असली तरी त्यांची कामे वेगळी आहेत. मेमरीत काय घडते ते दिसत नसल्यामुळे होणाऱ्या चुकांसाठी पायथन ट्यूटर उत्तम. फिलिप ग्वो यांनी २०१० साली तयार केलेले हे संकेतस्थळ कोड एकेका ओळीने चालवते आणि प्रत्येक ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे याचे चित्र काढते. इंटरनेट भरवशाचे नसेल, तर एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात विकसित झालेला थॉनी हा कोड लिहिण्याचा प्रोग्रॅम संगणकावर एकदा बसवून घ्यावा. त्यातही ओळीगणिक पुढे जाण्याची सोय आहे. क्रम, पुनरावृत्ती आणि अटी यांची पहिली ओळख करून देताना टंकलेखनाच्या चुकांचा अडथळा नको असेल, तर रंगीत ब्लॉक जोडून कोड बनवण्याचे स्क्रॅच घ्यावे. १९६७ सालच्या लोगो भाषेतील कासवाचा वारसा सांगणारे हे साधन एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली सर्वांसाठी खुले केले. सॉर्टिंग, ट्री, ग्राफ अशा वरच्या वर्गांच्या विषयांसाठी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील स्टीव्हन हालिम यांचे व्हिज्युअल्गो आहे.

हाताला काही तरी लागल्याशिवाय ज्यांचे मन रमत नाही अशा वर्गासाठी मायक्रोबिट चांगले. पंचवीस दिव्यांची चौकट आणि दोन बटणे असलेला हा छोटा बोर्ड बीबीसीच्या पुढाकाराने २०१६ साली ब्रिटनमधील शाळांत वाटला गेला. बोर्ड नसला तरी मेककोड या कोड लिहिण्याच्या संकेतस्थळावरील त्याची पडद्यावरची प्रतिकृती कोड चालवून दाखवते, त्यामुळे दहा मुलांमागे एक बोर्ड असला तरी तास अडत नाही.

संगणक अजिबात न लागणारी साधनेही याच यादीत धरावीत. १, २, ४, ८ आणि १६ ठिपक्यांची पाच कार्डे पाच मुलांच्या हाती देऊन ० ते ३१ पर्यंतची कोणतीही संख्या "उलटा, सुलटा" करत तयार करणे, हा न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकप्रिय केलेला खेळ द्विमान पद्धत ज्या सहजतेने समजावतो, त्या सहजतेने समजावणारे अ‍ॅप अजून तरी माझ्या पाहण्यात आलेले नाही.

एका तासाला एकच साधन ठेवावे. नव्या पडद्यावर कोणते बटण कोठे आहे हे शोधण्यातच मुलांची पहिली दहा मिनिटे जातात. तीच दुसऱ्यांदा खर्च करण्याची चैन कोणत्याही वेळापत्रकाला परवडत नाही.

तिसरी पायरी: रंगीत तालीम

आदल्या दिवशी शिक्षकाने स्वतःच्या लॅपटॉपवर नव्हे, तर वर्गातल्या सर्वांत मंद संगणकावर आणि विद्यार्थ्याच्या लॉगिनने संपूर्ण उपक्रम एकदा करून पाहावा. शिक्षकाच्या खात्यावर उघडणारे संकेतस्थळ विद्यार्थ्यांच्या खात्यावर शाळेच्या फिल्टरने अडवलेले असणे, ही नेहमीची गोष्ट आहे. मायक्रोबिट वापरणार असाल तर प्रत्येक केबल तपासावी, कारण काही यूएसबी केबली फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डाचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. एका तासाला अशा तीन केबलींमागे मी वीस मिनिटे घालवली आहेत आणि त्या वेळात पाठीमागच्या बाकांवर काय चालले होते ते सांगण्यासारखे नाही.

खाते उघडण्याची सक्ती नसलेल्या साधनांना प्राधान्य द्यावे. स्क्रॅच खात्याशिवाय चालते, काम फाइलच्या रूपात संगणकावर साठवता येते आणि इंटरनेटविना चालणारी आवृत्तीही मिळते. खाते उघडावेच लागले, तर मुलांची खरी नावे, छायाचित्रे किंवा जन्मतारखा कोठेही भरू नयेत. तालमीच्या शेवटी फळ्यावर किंवा कागदावर तोच तास कसा घेता येईल, हेही ठरवून ठेवावे.

चौथी पायरी: थांबा, लिहा, मग चालवा

येथे घाई करू नये, कारण तासाचे खरे काम या पायरीवर होते. वरच्याच चार ओळी घेऊन चाळीस मिनिटांचा तास कसा चालतो ते पाहू.

चार ओळी फळ्यावर लिहाव्यात. प्रोजेक्टर बंदच ठेवावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले उत्तर वहीत, शाईच्या पेनाने लिहावे. शाईचा आग्रह हास्यास्पद वाटेल, पण पेन्सिलीने लिहिलेले उत्तर बरोबर उत्तर दिसताच खोडले जाते आणि चूक झालीच नव्हती अशी समजूत उरते. त्यानंतर पर्यायांवर एकाच वेळी मत घ्यावे. एक ते चार बोटे छातीशी धरून दाखवली, तर शेजाऱ्याचे पाहून हात वर करण्याचा प्रकार टळतो.

मतांचा अंदाज घेऊन पुढचे पाऊल ठरते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवताना एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीनुसार, साधारण ३० ते ७० टक्के विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर असेल तर त्यांना आपापसांत वाद घालू द्यावा आणि मग पुन्हा मत घ्यावे. त्याहून कमी असेल, तर चर्चेने अज्ञानाचीच देवाणघेवाण होते, तेव्हा थोडे शिकवून घ्यावे. त्याहून अधिक असेल, तर वेळ न दवडता पुढे जावे. वाद चालू असताना शिक्षकाने बाकांमधून फिरावे, कान उघडे ठेवावेत आणि बरोबर कोण याची पुसटशीही सूचना चेहऱ्यावर येऊ देऊ नये. हे शेवटचे वाटते त्यापेक्षा फार अवघड आहे.

यानंतर पायथन ट्यूटर उघडावे. डाव्या बाजूला कोड आणि उजव्या बाजूला व्हेरिएबलची चौकट दिसते. कोडच्या बाजूला दोन बाण असतात: फिकट हिरवा बाण नुकतीच पार पडलेली ओळ दाखवतो आणि लाल बाण पुढे चालायची ओळ दाखवतो. जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी लाल बाणाची ओळ होऊन गेली असे समजतो, म्हणून हे आधीच स्पष्ट करावे, नाहीतर पुढची सगळी चर्चा एका ओळीने चुकते. मग "पुढे"चे बटण दाबण्यापूर्वी दर वेळी एकाच विद्यार्थ्याला विचारावे: आता उजवीकडे काय बदलेल? त्याने बोट ठेवून दाखवल्यावरच बटण दाबावे.

तिसरी ओळ चालून गेल्यावर थांबावे. चौकटीत अ समोर ७ आहे, ब समोरही ७ आहे. येथे विचारायचा प्रश्न एकच: "पाच कुठे गेला?" काही क्षण शांतता पसरते. ती मोडू नये. कोणी तरी म्हणते, "गेला", दुसरे कोणी म्हणते, "ब मध्ये गेला असेल." पडद्यावर मात्र ५ कोठेही नाही, आणि चौथी ओळ चालवली तरी तो परत येत नाही, कारण ब मध्ये ठेवण्यासाठी अ कडे आता ७ शिवाय काही उरलेलेच नाही. एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात दुधाचा, दोन्हींतले पदार्थ अदलाबदल करायचे असतील तर काय लागेल, असा प्रश्न टाकला की "तिसरा कप" हे उत्तर वर्गातूनच येते आणि तिसऱ्या व्हेरिएबलची ओळ फळ्यावर मुलेच सांगतात. अर्थात कपाची उपमा लंगडी आहे: कपातून ओतलेला चहा कपात उरत नाही, तर व्हेरिएबलची किंमत दुसरीकडे ठेवली तरी मूळ जागी तशीच राहते. हा फरक मुलांनाच शोधायला सांगितला, तर उपमेच्या दोषाचाही उपयोग होतो.

अंदाज, चालवणे, तपासणे, बदलणे आणि बनवणे या क्रमाने तास घेण्याच्या पद्धतीला स्यू सेंटन्स यांनी इंग्रजी आद्याक्षरांवरून प्रिम हे नाव दिले आहे. कोऱ्या पडद्यापासून सुरुवात न करता दुसऱ्याचा चालता कोड वाचण्यापासून करणे, हे तिचे वैशिष्ट्य.

पाचवी पायरी: चालणारे मोडू द्या

तपासून झाल्यावर कोड मुलांच्या ताब्यात द्यावा, पण "काहीही करून पाहा" असे सांगून नव्हे. बदल लहान आणि नेमका असावा. स्क्रॅचमधील एक उदाहरण मला विशेष प्रिय आहे. पेनचे ब्लॉक जोडून घ्यावेत (ते सुरुवातीच्या यादीत नसतात, विस्तारांतून आणावे लागतात) आणि "१०० पावले चाल, ९० अंश वळ" हे चार वेळा करणारा चौरसाचा कोड मुलांना द्यावा. काम एवढेच: याचा समभुज त्रिकोण करा. मुले ४ चे ३ करतात आणि त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे भूमितीत पाठ असल्यामुळे ९० चे ६० करतात. पडद्यावर त्रिकोण बंद होत नाही. वाडग्यासारखी उघडी आकृती उमटते. कोणी चिडून पुनरावृत्तीचा आकडा वाढवत नेतो आणि सहावर पोहोचताच त्याच्या समोर सुरेख षटकोन उभा राहतो.

अशा वेळी बरोबर आकडा सांगण्याचा मोह टाळून एका मुलाला उठवावे आणि जमिनीवर खडूने आखलेल्या त्रिकोणावरून चालायला लावावे. कोपऱ्यावर पोहोचल्यावर त्याचे तोंड सरळ पुढे, त्रिकोणाबाहेर असते. पुढच्या बाजूला लागण्यासाठी त्याला स्वतःला किती वळावे लागते, ते बाकीच्यांनी पाहावे. वळण कोपऱ्याच्या आतल्या कोनाइतके नसून १८० तून तो वजा केल्यावर उरलेले, म्हणजे १२० अंशांचे आहे, हे तेथे कळते. पूर्ण फेरी मारून मूळ दिशेला तोंड येईपर्यंत शरीर एकूण ३६० अंश फिरते, म्हणून तीन कोपऱ्यांना प्रत्येकी १२०. लोगोच्या निर्मात्यांपैकी एक असलेले सेमूर पेपर्ट यांचा आग्रह हाच होता की मुलाने कासवाच्या जागी स्वतःला ठेवून विचार करावा. त्यानंतर पंचकोन कोणालाही सांगावा लागत नाही.

याच उपक्रमात आणखी एक अडचण हमखास येते. दुसऱ्यांदा हिरवा झेंडा (कोड सुरू करण्याचे बटण) दाबला की जुनी रेषा पुसली जात नाही आणि पात्र मागच्या जागेवरूनच चालू लागते, मुले म्हणतात, "स्क्रॅच बिघडले." स्क्रॅच बिघडलेले नसते. कोडच्या सुरुवातीला सगळे पुसणे, पात्र ठरावीक जागी नेणे आणि त्याची दिशा ठरवणे ही कामे कोणी सांगितलेलीच नसतात. प्रारंभिक स्थिती ठरवण्याचा धडा वेगळा घेण्यापेक्षा तो या तक्रारीतूनच घ्यावा.

अल्गोरिदमचे तास: आधी हात, मग पडदा

सुरुवातीच्या प्रसंगातील रंगीत खांबांकडे परत जाऊ. व्हिज्युअल्गो उघडण्यापूर्वी प्रत्येक जोडीला आकडे लिहिलेली आठ कार्डे पालथी घालून द्यावीत. नियम असा की एका वेळी शेजारची दोनच कार्डे उचलून पाहायची, लागल्यास जागा बदलायची, पुन्हा पालथी ठेवायची आणि प्रत्येक तुलनेला वहीत एक रेघ मारायची. कार्डे पालथी असणे महत्त्वाचे आहे, कारण उघड्या कार्डांवर नजर टाकून माणूस सर्वांत मोठे कार्ड एका क्षणात शोधतो आणि संगणकाला ही सोय नाही हे विसरतो. मध्येच न थांबता सर्व फेऱ्या केल्यास आठ कार्डांना ७ + ६ + ५ + ४ + ३ + २ + १ म्हणजे २८ रेघा होतात. सोळा कार्डांना किती होतील, असे विचारले तर बहुतेक जण ५६ म्हणतात. शेजारच्या जोडीची कार्डे जोडून घेऊन मोजले की आकडा १२० येतो, आणि दुप्पट कार्डांना चौपटीहून जास्त काम का लागले, हा प्रश्न मुलांच्या थकलेल्या हातांतून उभा राहतो.

आता पडदा. वेग सर्वांत कमी ठेवावा, प्रत्येक तुलनेपूर्वी थांबवावे आणि "जागा बदलतील की नाही?" यावर अंगठा वर किंवा खाली असे उत्तर घ्यावे. पहिल्या फेरीनंतर हे पुरे. दुसऱ्या फेरीआधी यादीचा पूर्ण क्रम वहीत लिहून घ्यावा. त्यानंतर हवे तर वेग वाढवून खांबांची गंमत दाखवावी; एव्हाना तिच्यात पाहण्यासारखे काय आहे ते मुलांना ठाऊक झालेले असते. शोधाचा विषय असेल, तर १ ते १०० मधील संख्या "मोठी की लहान" एवढेच विचारून सात प्रयत्नांत ओळखण्याचा खेळ पडद्यावरील बायनरी सर्चच्या (दर वेळी उरलेली निम्मी यादी वगळत शोधण्याच्या पद्धतीच्या) आधी खेळावा आणि १ ते १००० साठी किती प्रयत्न लागतील यावर पैज लावू द्यावी. दहा पुरतात, हे पटवायला वेळ लागतो.

वर्गाची व्यवस्था

दोघांत एक संगणक ही अडचण न मानता पद्धत म्हणून स्वीकारावी: एकाने टंकायचे, दुसऱ्याने पुढे काय लिहायचे ते तोंडी सांगायचे आणि दर सात-आठ मिनिटांनी घंटा वाजवून जागा बदलायच्या. घंटा न वाजवल्यास कीबोर्ड धीट मुलाकडेच राहतो. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या माऊसला हात लावू नये, हा नियम स्वतःवर घालून घ्यावा. हात पाठीमागे बांधून उभे राहिले की तो पाळणे सोपे जाते.

गुण, घड्याळ आणि पडद्यावर झळकणारी क्रमवारी असलेल्या प्रश्नमंजुषांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. उजळणीला त्या ठीक आहेत, पण नवी संकल्पना शिकताना घड्याळ लागले की मुले विचार करण्याऐवजी बटण दाबतात आणि शेवटच्या पाच क्रमांकांवरची मुले पुढच्या वेळी खेळात मनाने उतरतच नाहीत. वापरायच्याच असतील, तर वेळमर्यादा आणि क्रमवारी बंद ठेवाव्यात.

शेवटची पायरी: साधन काढून घ्या

तासाची शेवटची पाच मिनिटे पडदे बंद करून कागदासाठी राखावीत. साधन समोर असताना आलेले उत्तर साधनाचेही असू शकते. प्रश्न त्याच संकल्पनेचा, पण वेगळ्या रूपातला असावा: स्क्रॅचमध्ये पुनरावृत्ती शिकवली असेल तर कागदावर पायथनच्या चार ओळी देऊन काय छापले जाईल ते विचारावे किंवा उलट करावे. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली मांडलेला प्रकारही येथे उपयोगी पडतो: बरोबर कोडच्या ओळी सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून, त्यांत एखादी फसवी ओळ मिसळून, योग्य क्रम लावायला द्यायचा. व्याकरणाच्या चुकांत न अडकता विचाराचा क्रम त्यातून तपासला जातो आणि तीस उत्तरे दहा मिनिटांत वाचून होतात.

चिठ्ठ्या गोळा केल्यावर बरोबर उत्तरे बाजूला काढावीत, चुकीची मात्र फेकू नयेत. एकसारख्या चुकांचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्यावर मुलाच्या डोक्यात काय असावे याची एक ओळ लिहून ठेवावी. पुढच्या तासाच्या, आणि पुढच्या वर्षीच्याही, प्रश्नांचे पर्याय याच गठ्ठ्यांतून घ्यायचे असतात. वर दिलेल्या प्रश्नातील "चूक दाखवेल" हा पर्याय मला असाच मिळाला. तो मला स्वतःहून कधीच सुचला नसता.